मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा

नर्सने माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि म्हणाली, "श्वास सोडा." मी सोडला. खरं तर आत ओढायचा होता. टेप ९८ सेंटिमीटरवर थांबली.

२०२३चा एप्रिल. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला, आमच्या फॅमिली डॉक्टरच्या सर्जरीत (इथे दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकल्यावर आई फोनवर रडायला लागली होती) माझी तपासणी चालली होती. मी ४७ वर्षांचा. काम विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं, तेही घरून. रक्तदाब १४२/८८. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा इथल्या मापात ४६, आपल्याकडच्या मापात साधारण ६.४ टक्के. ४८ला मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबरठ्यावर पाय ठेवून उभा होतो.

वजनाबद्दल मी वाद घातला. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २७. गोऱ्या माणसाला तो 'थोडा जास्त' एवढाच. नर्स शांतपणे म्हणाली, तुमच्यासाठी तक्ता वेगळा आहे. दक्षिण आशियाई लोकांचा धोका २३लाच वाढायला लागतो आणि २७.५ म्हणजे जवळपास गोऱ्यांचा ३०. कमरेचंही तसंच, आपल्या पुरुषांसाठी मर्यादा ९०. मला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघेही सडपातळ. हा फोटो मी मित्रांना कौतुकाने पाठवला होता. त्यात आपणही आहोत हे काही तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

मग तिने एक छोटी प्रश्नावली काढली. कामात बसून किती वेळ जातो? आठवड्यात व्यायाम किती तास? सायकल? चालण्याचा वेग? मी प्रामाणिक उत्तरं दिली. शेवटी संगणकाने एक शब्द काढून दाखवला, त्याचा सरळ अर्थ 'निष्क्रिय'. हा शब्द मी आजवर फक्त नगरसेवकांसाठी वापरला होता.

"गोळी आत्ताच सुरू करायला नको," नर्स म्हणाली. "मी तुम्हाला व्यायाम लिहून देते."

मला वाटलं, देते म्हणजे सांगते. आपल्याकडे प्रत्येक डॉक्टर सांगतोच की, 'रोज चाला, तेलकट कमी करा'. सांगताना त्याचे डोळे पुढच्या पेशंटच्या फाइलवर असतात आणि ऐकताना आपले डोळे दारावर. पण ही खरंच लिहीत होती. फॉर्मवर माझं नाव, रक्तदाब, साखर, चालू औषधं, गुडघ्याचं जुनं दुखणं, आणि खाली सही. हा फॉर्म लेझर सेंटरला, म्हणजे इथल्या सार्वजनिक क्रीडा केंद्राला जाणार, तिथून मला बोलावणं येणार. १६ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, एकेक तास.

गंमत म्हणजे वेल्समध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत. १ एप्रिल २००७ पासून इथे औषधं फुकट आहेत. पलीकडे इंग्लंडात त्या वर्षी एका औषधामागे ९.६५ पौंड मोजावे लागत होते. वेल्सची ही राष्ट्रीय व्यायाम-शिफारस योजनाही २००७चीच. पण व्यायामाच्या चिठ्ठीला तेव्हा दर वेळी दोन-तीन पौंड पडत होते. "गोळी फुकट आणि घाम विकत," बायको म्हणाली. "मग तू काय निवडणार ते मला माहीत आहे."

तिचा अंदाज खरा ठरला असता. कारण बोलावणं आलंच नाही. मे गेला, जून गेला. मी काही चौकशी केली नाही. उलट रोज पोस्टाची पेटी उघडताना पत्र नाही म्हणून बरंच वाटायचं. जूनच्या अखेरीस रक्तदाब दाखवायला गेलो तेव्हा कळलं की फॉर्म पुढे गेलाच नव्हता, कुठल्या तरी ट्रेमध्ये पडून होता. रिसेप्शनिस्टने माफी मागून तो माझ्यासमोर ईमेलने पाठवला. मी 'काही हरकत नाही' म्हणालो आणि ते अगदी मनापासून होतं.

जुलैत लेझर सेंटरमध्ये पहिली भेट झाली. दारावर वेल्श आणि इंग्रजी दोन्ही पाट्या, आत क्लोरिनचा वास, लहान मुलांचा कलकलाट. मला वाटलं होतं ट्रेनर म्हणजे चिकट टी-शर्टातला कुणी पहिलवान असेल. पन्नाशीची एक बाई होती, गळ्यात चष्मा, हातात फाइल. तिने पाऊण तास मला व्यायामाचं काहीच सांगितलं नाही, फक्त विचारत राहिली. दिवस कसा जातो? शेवटचं कधी दम लागेपर्यंत काही केलं? लहानपणी काय खेळायचात? काय केलेलं आवडेल? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: "वर्षभराने तुम्हाला काय जमलेलं हवंय?" 'वजन कमी' हे उत्तर तिने लिहून घेतलं नाही, "अजून सांगा," म्हणाली. शेवटी मी म्हणालो, मुंबईला गेल्यावर दादर स्टेशनचा पूल न थांबता चढता यावा. दादर म्हणजे काय हे तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. तिने तेच लिहिलं, स्पेलिंग विचारून.

मग चाचणी. हात छातीवर बांधून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं? शाळेत उठाबशा ही शिक्षा होती, इथे निदान. मी अकरा केल्या. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या आजी तीच चाचणी देत होत्या. त्यांच्या तेरा झाल्या.

वर्ग ठरला मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहाचा. कामाच्या वेळेत! मी ऑफिसच्या कॅलेंडरवर 'वैद्यकीय अपॉइंटमेंट' असं टाकून तो तास अडवला. मॅनेजरने भुवईसुद्धा उचलली नाही. 'जिमला जातोय' असं लिहिलं असतं तर त्याच तासावर तीन मीटिंगा येऊन बसल्या असत्या. त्या चिठ्ठीचा पहिला गुण मला हा दिसला. माझ्यात जिद्द कुठून आणणार ती बिचारी, पण माझ्या एका तासाला तिने कुंपण घालून दिलं.

१ ऑगस्टला पहिला वर्ग. आम्ही अकरा जण. दोन बायका हृदयाच्या झटक्यातून सावरलेल्या, एक तरुण मुलगा जो पहिले तीन आठवडे कुणाशी एक शब्द बोलला नाही, उठाबशावाल्या आजी, एक सोमाली टॅक्सीवाला, आणि एक निवृत्त खाणकामगार. खाणकामगार मूळचा वरच्या दरीतल्या गावचा. कोळशाची धूळ छातीत बसलेली, बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायचा आणि मग अर्धं वाक्य बरोबर तिथूनच पुढे न्यायचा. वयाने मीच दुसऱ्या नंबरचा लहान. पहिल्या दिवशी याची लाज वाटली.

भिंतीवर एक तक्ता होता, ६ ते २० आकडे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ही श्रमाची पट्टी. ६ म्हणजे आरामखुर्ची, २० म्हणजे आता जीव जातो. सहापासून सुरुवात का, तर त्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात. आम्ही १२ ते १४च्या मध्ये राहायचं. ट्रेनर मध्येच ओरडायची, "आकडा?" आणि प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची: बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. खाणकामगार म्हणाला, वेल्श माणसाला ही कसोटी लागू नाही, तो मरतानाही गातो. पुढे त्याला खोकला आला आणि सगळे थांबले. ट्रेनरने घाई केली नाही, फक्त त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

व्यायाम अगदी साधे. भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टे ओढणं, खुर्चीतून उठणं, छोटे डंबेल, आणि एक लाकडी पायरी. त्या पायरीवर दोन मिनिटं चढ-उतार करायची. मला सगळ्यात जास्त दम तिथेच लागायचा. तिसऱ्या आठवड्यात मी पायरीवर धापा टाकत असताना ट्रेनर म्हणाली, "हे सगळं एका बसच्या जिन्यावरून सुरू झालंय, माहितीये?"

मला माहीत नव्हतं. तिने वर्ग संपल्यावर सांगितलं आणि मी घरी जाऊन बाकीचं वाचलं.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके एवढे का वाढलेत, हे कुणाला कळत नव्हतं. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन ट्रान्सपोर्टमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती तपासली. एकाच डबलडेकर बसमध्ये दोन माणसं, एकाच वस्तीतली, साधारण सारख्याच पगाराची. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. झटके ड्रायव्हरांना जास्त येत होते. कंडक्टरांना कमी येत, उशिरा येत, आणि आले तरी त्यातून ते जास्त वाचत. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध मोठ्या आकडेवारीने दाखवणारं हे पहिलं काम मानतात. पोस्टमन आणि टपाल खात्यातले बसून काम करणारे लोक, यांच्यातही तोच फरक दिसला होता.

वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला, कारण माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. तीस वर्षं. त्यातली निम्मी डबलडेकरवर.

लालबागच्या आमच्या खोलीत बाबांची चामडी पिशवी खुंटीला असायची. तिकिटांची पेटी, पंच. रिकाम्या पेटीवर पंच वाजवायचा तो टिक-टिक आवाज मला बस दिसायच्या आधी ओळखू यायचा. बाबा आयुष्यात कधी व्यायाम करताना दिसले नाहीत. तालमीत गेले नाहीत, सूर्यनमस्कार घातले नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांचं पोट सपाट होतं. शेजारचे ड्रायव्हर काका पंचावन्नाव्या वर्षी झटक्याने गेले, तेव्हा चाळीत सगळे म्हणाले, नशीब. म्हणजे नशीब नव्हतं तर! जिना होता! मी त्याच रात्री, भारतात पहाट व्हायची वाट पाहून, बाबांना फोन लावला.

"बाबा, तुम्ही दिवसाला किती वेळा वर जायचात?"

"कुठे वर?"

"बसच्या वरच्या मजल्यावर."

"मी कशाला जाऊ? आमच्याकडे दोन कंडक्टर असायचे, एक वर, एक खाली. ज्याची ड्युटी वर तो वर." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "लंडनला एकच का? मग तिकडची युनियन काय करत होती?"

माझं सगळं संशोधन एका वाक्यात झोपलं. मी तरी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, पण तुम्ही उभे तर असायचात दिवसभर? "उभा? गर्दीतून रेटत पुढे-मागे जायचो, ते धरत नाहीत का तुझे मॉरिस? आणि वडाळा डेपोपर्यंत चालत जायचो, बसचे पास होते तरी. पहाटेची पहिली बस मीच काढायचो, मग मला डेपोत कोण नेणार?"

ड्रायव्हर काकांचं नशीबही इतकं सरळ नव्हतं. मॉरिसनाही हीच शंका आली होती: ड्रायव्हरच्या नोकरीला मुळात जाडच माणसं येत असतील तर? त्यांनी मग गणवेशाच्या शिंप्याचे आकडे मिळवले. १९५६ साली ते छापले. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा खरंच मोठी निघाली, अगदी तरुण वयापासून. म्हणजे काही फरक नोकरीच्या आधीचाच होता. तरीही, एकाच मापाच्या पँटवाल्यांत तुलना केली तर ड्रायव्हरांनाच धोका जास्त. मला या माणसाचं हेच आवडलं. स्वतःच्या सिद्धांतावर पहिला संशय त्यानेच घेतला आणि तो फेडायला पँटची मापं मोजत बसला. हे मॉरिस पुढे ९९ वर्षं जगले, २००९ मध्ये गेले.

यातून प्रत्यक्ष योजना निघायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षं गेली. ब्रिटनमध्ये डॉक्टरने पेशंटला थेट व्यायामशाळेत पाठवायची पहिली योजना १९९० साली ससेक्समधल्या हेलशॅम गावात सुरू झाली असं सांगतात. मग शेकडो गावांत तशा योजना निघाल्या, ज्याची त्याची पद्धत वेगळी. २००१ मध्ये सरकारने चौकट घालून दिली. वेल्सने पुढचं पाऊल टाकलं: देशभर एकच योजना, एकाच पद्धतीचे १६ आठवडे. आणि ती पसरवतानाच तिची परीक्षाही घेतली.

ही परीक्षा कशी घेतली ते सांगायला ट्रेनरला फार आवडायचं. २,१६० माणसं निवडली, सगळी बैठ्या सवयीची, कुणाला हृदयविकाराचा धोका तर कुणाला नैराश्य किंवा चिंता. मग चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं केलं: निम्म्यांना योजना, निम्म्यांना फक्त माहितीपत्रक. म्हणजे व्यायामाची चिठ्ठी मिळणार की नाही हे ठरवायलाही चिठ्ठीच! वर्षभराने पाहिलं. हृदयविकाराच्या धोक्यासाठी आलेली माणसं माहितीपत्रकवाल्यांपेक्षा जास्त हालचाल करत होती. फार नाही, पण मोजता येईल इतकी. जी नैराश्यासाठी आली होती, त्यांच्यात हालचालीचा असा फरक दिसला नाही. पण त्यांचं नैराश्य आणि चिंता मात्र कमी झाली होती. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. खर्चाचा हिशोब निघाला तो असा की, धडधाकट आयुष्याचं एक वर्ष मिळवायला सुमारे १२ हजार पौंड. इथे तेव्हा २० हजारांच्या आतलं सरकारला परवडतं असं मानत.

मला यातला तो मधला निकाल डोक्यातून जाईना. व्यायाम वाढला नाही आणि तरी मन सुधारलं, हे कसं? माझ्याकडे याचं शास्त्र नाही. माझ्याकडे तो न बोलणारा मुलगा होता. चौथ्या आठवड्यात तो आजींच्या खुर्चीखाली पाय लावून ती धरून ठेवायला लागला, कारण ती मागे सरकायची. सहाव्या आठवड्यात आजी त्याच्यासाठी घरून वेल्श केक आणायला लागल्या, किसमिस घातलेले, तव्यावर भाजलेले. ट्रेनरने कपाळाला हात लावला. केक मात्र तिनेही घेतला.

१५ सप्टेंबरला, शुक्रवारी, वर्गाला निघालो तेव्हा बाबांचा फोन आला. मुंबईतली शेवटची जुनी लाल डबलडेकर त्या दिवशी निवृत्त होणार होती. १९३७ साली सुरू झालेली गाडी. अंधेरी ते सीप्झ मार्गावर, ४१५ नंबर, हार घालून. टीव्हीवर दाखवत होते. "नवीन आल्यात त्या एसीच्या आहेत, विजेच्या," बाबा म्हणाले. "दिसायला छान आहेत. पण त्यात वारा नाही." वर्गात मी खाणकामगाराला सांगितलं. त्याने पायरीवर चढता चढता ऐकून घेतलं, श्वास जमवला आणि म्हणाला, "आमचीही शेवटची... खोल खाण... बंद झाली तेव्हा बँड होता." ती २००८ची गोष्ट, टॉवर कोळसाखाण. त्यालाही आयुष्यभर कुणी व्यायाम लिहून दिला नव्हता. कामानेच शरीर कमावलं आणि कामानेच छाती खाल्ली. मग मला बाबांची सगळी वर्षं आठवली, गुडघे, व्हेरिकोज व्हेन्स, रात्री पाय गरम पाण्यात घालून बसलेले. कष्टाच्या नोकऱ्यांना मी जे मनातल्या मनात हार घालत होतो, ते काढून ठेवले.

पुढच्या मंगळवारी, १९ तारखेला, गणेश चतुर्थी होती. मी वर्गाला गेलो नाही. कळवलंही नाही. उकडीच्या पिठात हात होते आणि मूर्ती बसायची होती. साडेदहाला फोन वाजला. ट्रेनर.

"ठीक आहात ना?"

एवढंच विचारलं. मी सॉरी म्हणत सण, मोदक वगैरे सगळं सांगत सुटलो. ती म्हणाली, "मग बरं. तुमची पायरी रिकामी होती म्हणून विचारलं. आमच्यातल्या दोघींना हृदयाचा त्रास आहे, कुणी आलं नाही की पोटात गोळा येतो." शुक्रवारी मी सगळ्यांसाठी अकरा मोदक नेले. टॅक्सीवाल्याने दोन खाल्ले आणि त्या दिवशी भिंतीवरच्या पट्टीत स्वतःचा आकडा १७ सांगितला.

पंधरा वर्षांत मी इथे तीन जिमचं सदस्यत्व घेऊन बुडवलंय. तिथून मला फक्त पैसे कापल्याचे ईमेल येत. मी आलो नाही म्हणून कुणाच्या पोटात कधी गोळा आला नव्हता. लहानपणी माझी आजी रात्री जेवल्यावर शतपावली सांगायची. तीही डॉक्टरच होती, पण ती नुसती सांगून थांबायची नाही. गॅलरीत उभी राहून मोजायची.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं, आणि १७ तारखेला शेवटचा वर्ग, शेवटची मापं. फराळाच्या आठवड्यात कंबर मोजण्याचा मूर्खपणा फक्त परदेशातच होऊ शकतो. तर: उठाबशा अकराच्या सतरा. कंबर ९८ची ९४. रक्तदाब १३४/८४. साखर पुढे डिसेंबरात तपासली, ४६ची ४३. वजन फक्त दोन किलोने उतरलं, त्यावर बायकोने काही न बोलता चकलीचा डबा वरच्या फळीवर ठेवला. जादू नाही झालेली. अजूनही मी धोक्याच्या पट्ट्यातच आहे, फक्त उंबरठ्यापासून दोन पावलं मागे आलोय.

अकरातले सहा जण शेवटपर्यंत आले. टॅक्सीवाल्याच्या शिफ्ट बदलल्या, एका बाईची मुलगी बाळंत झाली, एकाचं नुसतंच सुटलं. हे या धोरणाचं दुखणं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१४ साली स्पष्ट म्हटलं होतं: बाकी तब्येत चांगली आहे आणि केवळ बैठी सवय आहे, अशांसाठी या योजनांवर पैसे घालू नका. आजार किंवा धोका असेल तर घाला, तेही पाठपुरावा नीट होणार असेल तरच. मला ते कडक पण रास्त वाटलं. मात्र त्यात एक अडचण आहे. नुसती बैठी सवय असलेला मी दहा वर्षांपूर्वी होतो, तेव्हा मला कुणी बोलावलंच नसतं. उंबरठ्यावर पाय ठेवल्यावरच दार उघडतं.

आणि दुसरी अडचण सतराव्या आठवड्याची. १६ आठवडे संपले की पुढे नेहमीचं मासिक सदस्यत्व, किंवा तुमचं तुम्ही बघा. शेवटच्या दिवशी ट्रेनरने पर्यायांचा कागद दिला: पोहणं, बोलिंग, चालण्याचे गट. आम्ही सहा जण तो कागद घेऊन कॉफी मशीनजवळ उभे राहिलो, शाळेच्या निरोप समारंभात उभे राहतो तसे. न बोलणारा मुलगाच बोलला. "मंगळवारी दहाला मी तरी मोकळाच आहे."

तेव्हापासून आम्ही रोथ पार्कच्या तलावाभोवती चालतो, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाला. माझ्या कॅलेंडरवर अजून 'वैद्यकीय अपॉइंटमेंट'च आहे, ते मी बदललेलं नाही. तलावात एक पांढरा दीपस्तंभ आहे, दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या स्मरणार्थ. त्याचं जहाज १९१० साली कार्डिफहून निघालं होतं. खाणकामगार त्या दीपस्तंभाशी पोचला की थांबतो, श्वास घेतो आणि दर वेळी सांगतो की स्कॉट परत आला नाही, मी आलो. पावसात येणारे तिघंच असतात. जो येणार नसेल त्याने कळवायचं, हा एकच नियम. न कळवता मारलेली दांडी आजींना चालत नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये वर्षभराची तपासणी झाली. ट्रेनरने फाइल उघडून विचारलं, "दादरचं काय झालं?" मेमध्ये मी मुंबईला जाऊन आलो होतो. पूल चढलो होतो. न थांबता, पण त्यात माझं कौतुक किती आणि मागून ढकलणाऱ्या गर्दीचं किती, ते सांगता येत नाही. तिने तसंच लिहून घेतलं.

त्या भेटीत बाबांची मापं मी घेतली. आमची चाळ पाडून टॉवर झाला, बाबा आता चौदाव्या मजल्यावर राहतात, दोन लिफ्ट. निवृत्तीनंतरच्या सोळा वर्षांत सपाट पोट गेलं, साखरेची गोळी आली. डॉक्टर काय म्हणतात विचारलं तर म्हणाले, "चाला म्हणतात."

म्हणून आता तलावावरून परतताना मी त्यांना फोन करतो. ठरलंय तसं: त्यांनी त्या वेळी जिन्यात असायचं, एका वेळी दोन मजले, मध्ये थांबून, आकडा १३च्या वर जाऊ द्यायचा नाही. मागच्या शुक्रवारी फोन उचलला तेव्हा चांगलेच धापा टाकत होते.

"कितव्यावर आलात?"

"पाचव्या," बाबा म्हणाले. "आज पाचव्यापर्यंत आलो बघ. लिहून ठेव."

मी शाबास म्हणणार एवढ्यात त्यांच्या मागून बाईचा गोड, रेकॉर्ड केलेला आवाज आला: "कृपया दरवाजा बंद करें."